उभं राहिलं तरी उंची वाढत नाही असा माणूस : जुन्या अरबीतले वयाचे आणि बांध्याचे शब्द

कोशाळलेला

"अरबी भाषेत माणसाच्या प्रत्येक वर्षाला वेगळा शब्द आहे" हे ढकलपत्र आमच्या गटात परत आलं. त्यावर नेहमीप्रमाणे "वा, काय श्रीमंत भाषा" विरुद्ध "मग संस्कृत काय कमी आहे का" अशी जुंपली. ढकलपत्रातलं निम्मं खरं असतं. या वेळचं खरं निम्मं इतकं मजेदार आहे की वेगळा धागा काढतोय.

या यादीचा मूळ मालक अबू मन्सूर अल-सआलिबी. जन्म ९६१, गाव निशापूर (आजच्या इराणात), मृत्यू १०३८. म्हणजे गझनीच्या महमूदाचा समकालीन. 'सअलब' म्हणजे कोल्हा. हा गृहस्थ कोल्ह्याची कातडी शिवायचा म्हणून सआलिबी, असं चरित्रकार सांगतात. त्याचा 'फिक्ह अल-लुगा' नावाचा ग्रंथ आहे. रूढ अर्थाने तो कोश नाही. अक्षरांच्या क्रमाऐवजी विषयांच्या क्रमाने लावलेली तीस प्रकरणं आहेत, आणि त्यातलं एक माणसांच्या आणि जनावरांच्या वयांवर आहे.

पोटात आहे तोवर 'जनीन', जन्मला की 'वलीद'. पहिले सात दिवस पुरे होईपर्यंत 'सदीग', कारण 'सुद्ग' म्हणजे कानशील आणि ते सात दिवसांपर्यंत घट्ट होत नाही असा समज. अंगावर पितोय तोवर 'रदीअ', दूध तोडलं की 'फतीम' (फातिमा याच धातूतली). बाळसं ओसरून हाड जरा जाड झालं की 'जहूश'. चालायला लागला की 'दारिज'. मग मध्येच टेप काढल्यासारखा शब्द येतो: उंची पाच विती भरली की 'खुमासी'. दुधाचे दात पडले की 'मस्गूर', नवे आले की 'मुस्सगिर'. दहाच्या आसपास 'नाशिअ', वयात येऊ लागला की 'याफिअ' किंवा 'मुराहिक', अंगात ताकद भरली की 'हजव्वर'. आणि सआलिबी म्हणतो, या सगळ्या अवस्थांत त्याला 'गुलाम' म्हणता येतंच. आपल्याकडे आला तो गुलाम बेड्या घालून आला. तिकडे तो नुसता पोरगा होता.

पुढे मिसरूड फुटतं. त्याला अरबीत शब्द नाही, अख्खं वाक्य आहे: 'बकल वज्हुहू', चेहऱ्यावर पालेभाजी उगवली. दाढी भरून आली की 'मुज्तमिअ', म्हणजे गोळा झालेला, जुळून आलेला. तीस ते चाळीस 'शाब' म्हणजे तरुण, आणि तिथून साठ पुरी होईपर्यंत 'कह्ल'.

उतरणीवर तर सआलिबी नुसती क्रियापदांची माळ लावतो. केस पिकले, काळे-पांढरे मिसळले, म्हातारा झाला, थकला, मग 'दलफ' (बारीक पावलं टाकत चालू लागला), 'दब्ब' (जवळपास रांगू लागला), 'हदज' (चालताना कापू लागला). शेवटी मृत्यूसाठी दोन वाक्प्रचार: त्याने बोट चाटलं, आणि त्याची सावली उन्हात गेली.

बांध्याचंही तसंच. उंच तो 'तवील', त्याहून उंच 'तुवाल', मग 'शौजब'. उंची शोभेनाशी झाली की 'अशन्नक', आणि अगदीच कळस झाला की 'अनत्नत' आणि 'सकअतरी'. बुटक्यांच्या बाजूला 'दह्दाह', 'हन्बल', 'बुह्तुर' करत शेवटी येतो 'हिन्जक्रा': जो उभा राहिला तरी बसल्याहून उंच दिसत नाही.

आता प्रश्न. हे शब्द कोणी खरंच बोलत होतं का? की हे पंडितांनी सजवलेलं कपाट आहे? अरबी शिकलेले, आखातात राहिलेले, सगळ्यांनी लिहा.

टांगापलटी

चाळिशीपर्यंत तरुण आणि साठपर्यंत मधला! सआलिबी आपला माणूस. बाकी धागा सावकाश वाचतो.

खवट

पंडितांचं कपाट. विषय संपला.

बरं, पुरता संपवतो. दहाव्या शतकात अलेप्पोला सैफ अल-दौलाच्या दरबारात इब्न खालवैह नावाचा भाषापंडित होता. सिंहाची पाचशे नावं गोळा केली म्हणणारा तोच. एकदा तो म्हणाला, मला तलवारीची पन्नास नावं येतात. तिथलाच दुसरा व्याकरणपंडित अबू अली अल-फारिसी हसला आणि म्हणाला, मला एकच येतं, 'सैफ'. इब्न खालवैहने विचारलं, मग 'मुहन्नद'चं काय, 'सारिम'चं काय? फारिसी म्हणाला, ती विशेषणं आहेत. यांना नाव आणि गुण यातला फरक कळेनासा झालाय. ('मुहन्नद' म्हणजे हिंदी पोलादाची, हे जाता जाता.)

तुमच्या यादीचंही तेच आहे. 'पाच विती उंच' हे वर्णन आहे, वयाचं नाव कसलं? असं मोजायचं तर मराठीतही तान्हं, रांगतं, दुडदुडणारं, शेंबडं, मिसरूड फुटलेलं, पोक्त, जख्ख असं ओळीने लावून 'मराठीत आयुष्याच्या प्रत्येक पायरीला शब्द' असं ढकलपत्र काढता येईल.

कलमदान

अरबी हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

खवट यांचा मुद्दा बराचसा बरोबर आहे, पण त्याने अर्धीच गोष्ट कळते. हे शब्द निशापुरात बसून बनवलेले नाहीत. आठव्या-नवव्या शतकात बसरा आणि कूफा या दोन शहरांत भाषा गोळा करणाऱ्यांची मोठी फळी होती. बसऱ्याच्या वेशीवर मिर्बद नावाचा बाजार होता. वाळवंटातले बदू तिथे उंट घेऊन यायचे, आणि पंडित त्यांच्या तोंडून शब्द, कविता, म्हणी टिपून घ्यायचे. कुराण आणि जुनी कविता नीट लागावी म्हणून शुद्ध बोली हवी होती, आणि शहरात ती बिघडली अशी त्यांची खात्री होती. त्यातूनच 'खल्क अल-इन्सान', म्हणजे माणसाची घडण, या विषयावरच्या पुस्तकांचा प्रकारच तयार झाला. केसापासून टाचेपर्यंत प्रत्येक अवयवाचे आणि त्याच्या तऱ्हांचे शब्द. अल-अस्मईचं या नावाचं पुस्तक आजही उपलब्ध आहे.

हा अस्मई आणि त्याचा प्रतिस्पर्धी अबू उबैदा यांचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोघांनीही घोड्यावर लिहिलं होतं, अबू उबैदाचं काम तर पन्नास भागांचं. वजीर म्हणाला, घोडा उभा आहे, एकेका अवयवावर हात ठेवून नाव सांगा. अबू उबैदा म्हणाला, मी काय घोड्यांचा वैद्य आहे? मी हे अरबांकडून ऐकून लिहिलंय. अस्मई उठला, आयाळ धरली, आणि प्रत्येक ठिकाणी हात ठेवून नाव आणि त्यावरची कविता म्हणत खाली गेला. घोडा त्यालाच मिळाला. हा किस्सा अस्मईच्याच तोंडचा आहे, त्यामुळे थोडं मीठ घालून घ्या.

म्हणजे प्रत्येक शब्द कुणीतरी, कुठेतरी, बहुधा एखाद्याच टोळीत बोलत होतं. एका टोळीचा 'बुह्तुर', दुसरीचा 'दह्दाह'. दोघेही बुटकेच. त्यांना 'याहून बुटका, त्याहून बुटका' अशा पायऱ्यांवर बसवलं ते सआलिबीसारख्यांनी. शिडी त्याची, फळ्या लोकांच्या.

'बुह्तुर'ची अजून एक गंमत. इब्न फारिस हा कोशकार (मृत्यू १००४) म्हणतो की तीनपेक्षा जास्त मूळ अक्षरांचे पुष्कळ शब्द दोन धातू चिकटवून झालेत. बुह्तुर म्हणजे 'बतर' (छाटणे) अधिक 'हतर' (हात आखडता घेणे). उंची देताना हात आखडला आणि वरून छाटलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ हे मानतीलच असं नाही, पण हा शब्द मी तरी या जन्मात विसरणार नाही.

टांगापलटी

मग बुह्तुरी नावाचा कवी बुटका होता का?

कलमदान

नाही हो. तो तय्य जमातीच्या बुह्तुर शाखेतला, म्हणून बुह्तुरी. पूर्वज बुटका असेल.

खिल्लार

मी शेतकरी माणूस, अरबीचा गंध नाही. पण वर दात पडण्यावरून पोराचं वय सांगितलंय ते वाचून थांबलो. आमच्याकडे बैलाचं वय कोणी वर्षांत विचारत नाही. तोंड उघडून बघायचं. एकही पक्का दात नसेल तर आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, सगळे आले की जुळला. बाजारात भाव यावरच ठरतो आणि शर्यतीतही आदतचा गट वेगळा असतो. "प्रकरण माणसांच्या आणि जनावरांच्या वयांवर" असं लिहिलंय, तर त्यांच्या जनावरांचं काय आहे ते सांगा ना. माणसांपेक्षा ते खरं कामाचं असणार.

कोशाळलेला

खिल्लारभाऊ, तुम्ही नेमकी नस पकडलीत. त्या प्रकरणाच्या मथळ्यात वयांसाठी शब्द आहे 'अस्नान', आणि त्याचं एकवचन 'सिन्न'. सिन्न म्हणजे दात आणि सिन्न म्हणजेच वय! उंटाचं वय दातांवरून. सहाव्या वर्षात पुढचे दात ('सनिय्या') पाडतो तो 'सनी', सातव्यात त्याच्या शेजारचे पाडतो तो 'रबाई', आठव्यात 'सदीस', आणि नवव्यात सुळा हिरडी फोडून बाहेर येतो तो 'बाजिल', म्हणजे पुरा वाढलेला उंट. तुमच्या दुसा-चौसाचे सख्खे भाऊ.

जुईली

म्हणजे आपला 'सन १९४७' मधला सन हाच का?

कलमदान

नाही, तो 'सना' म्हणजे वर्ष यावरून. ऐकायला जवळचे, धातू वेगळे.

खिल्लार यांना पुढची माहिती. दात पाडायच्या आधीच्या वयांची नावं आईवरून आहेत. एक वर्ष पुरं झालेली मादी 'बिन्त मखाद': हिची आई पुन्हा गाभण आहे. दोन वर्षांची 'बिन्त लबून': आईला नवं पिल्लू झालं आणि ती दुभती आहे. तीन वर्षांची 'हिक्का': आता ओझ्याच्या लायक झाली. चार वर्षांची 'जजआ'. हे शब्द जकातीच्या (नाक्यावरची नव्हे, इस्लाममधला सक्तीचा धर्मादाय कर) नियमांत जसेच्या तसे आहेत. पंचवीस उंट असतील तर एक बिन्त मखाद द्यायची, छत्तीस झाले की बिन्त लबून, सेहेचाळीसला हिक्का, एकसष्टला जजआ. वय चुकीचं सांगितलं की सरळ कर चुकवला. अशा ठिकाणी शब्द नेमका असावाच लागतो.

आणि हाच 'जजअ' माणसासाठीही वापरलाय. पैगंबरांना पहिला साक्षात्कार झाल्यावर खदीजा त्यांना आपल्या चुलतभावाकडे, वृद्ध आणि अंध वरका बिन नौफलकडे घेऊन गेली. तो सगळं ऐकून म्हणाला, त्या वेळी मी 'जजअ' असतो तर! म्हणजे ज्वान उंटासारखा, अंगात रग असलेला. ही हदीस (पैगंबरांच्या आठवणींची नोंद) बुखारीच्या संग्रहात आहे.

खवट

जनावरांचं मान्य. तिथे पैसा आहे. माणसाला 'पाच विती' म्हणण्यात कसला पैसा?

कलमदान

होता, दुर्दैवाने. कोशांत 'खुमासी' हा शब्द दासदासींच्या संदर्भातही येतो. सहा विती भरला की मग त्याला वितींनी मोजत नाहीत, तो पुरुष झाला. विती कुठे मोजल्या जात असतील ते ओळखा.

अक्कलकाढा

इतका वेळ मुलगा, पुरुष, उंट आणि बैल झाले. बायकांची शिडी कुठे आहे? की मुद्दाम गाळली?

कोशाळलेला

मुद्दामच गाळली होती. शिव्या खायच्या नव्हत्या. पण मागताय तर उत्तरार्ध देतो. लग्नाचं वय उलटूनही घरात राहिली ती 'आनिस'. चाळिशी ओलांडली की 'मुस्लिफ'. तारुण्य आणि म्हातारपण यांच्या मध्ये 'नसफ', म्हणजे अर्धी. वयाचा स्पर्श झाला पण अंगात धमक आहे ती 'शहला'. म्हातारी झाली तरी सावरून आहे ती 'शहबरा'. वय फार आणि ताकद कमी ती 'हैजबून'. आणि कंबर वाकून दात पडले की 'लत्लत'.

'नसफ'वर एक जुनी दुष्ट कविता आहे. सांगून आलेली बाई 'अर्धी' आहे असं म्हणाले, तर तिच्या दोन अर्धांतला चांगला अर्ध केव्हाच गेलेला असतो.

अक्कलकाढा

अपेक्षा होतीच. पुरुष चाळिशीपर्यंत 'शाब', साठीपर्यंत भारदस्त 'कह्ल', आणि बाई चाळिशीला अर्धी. पुरुषाच्या शिडीत ताकद, दाढी, पिकले केस. बाईच्या शिडीत आधी लग्न झालं की नाही, मग दात आहेत की नाही. टिपणारे सगळे बुवाच होते ना? बदू बायकांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी नवऱ्यांची काय शिडी लावली असती ते वाचायला आवडलं असतं.

कलमदान

अक्कलकाढाताई, तुमची इच्छा तेराशे वर्षांपूर्वीच पुरी झाली आहे.

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली एक लांब हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोघांच्याही संग्रहांत आहे, 'उम्म जरअ'ची हदीस म्हणून प्रसिद्ध. अकरा बायका बसतात आणि नवऱ्यांबद्दल काही लपवायचं नाही असं ठरवतात. त्यातली एक म्हणते, माझा नवरा 'अशन्नक'. बोलले तर तलाक, गप्प बसले तर नुसती टांगलेली. धाग्याच्या सुरुवातीला आलेला तोच अशन्नक: शोभेपलीकडे उंच. टीकाकार म्हणतात, नुसता लांबलचक, आत काही नाही, असं तिला सुचवायचंय. दुसरी म्हणते, जगातला प्रत्येक रोग माझ्या नवऱ्याला आहे. तिसरी कौतुक करते: घराचा खांब उंच, तलवारीचा पट्टा लांब, राखेचा ढीग मोठा. पट्टा लांब म्हणजे माणूस उंच, आणि राख फार म्हणजे चूल सतत पेटलेली, पाहुण्यांची वर्दळ.

तो 'पट्टा लांब' खन्सा या जुन्या अरबी कवयित्रीच्या शोकगीतातही आहे. भाऊ सख्र मारला गेल्यावर ती म्हणते: लांब पट्ट्याचा, उंच खांबाचा, आणि 'अमरद' असतानाच कबिल्याचा पुढारी झालेला. अमरद म्हणजे ज्याला अजून दाढी फुटली नाही असा. इथे वय आणि बांधा दोन्ही एका ओळीत आले, आणि लिहिणारी बाई आहे.

या हदीसवर स्वतंत्र टीकाग्रंथ लिहिले गेलेत, कारण तिच्यातले निम्मे शब्द नंतरच्या अरबांनाही कळत नव्हते. खवट यांनी याची नोंद घ्यावी. हे शब्द कपाटात जपले गेले ते हौसेखातर नाही. ज्या मजकुरात ते होते तो समजून घेणं भाग होतं.

अक्कलकाढा

"गप्प बसले तर नुसती टांगलेली." पुरे. बाकीच्या शिडीला माफी.

(अवांतर: माझी आयडी ज्या वनस्पतीवरून आहे ते नावही मूळचं अरबीच, 'आकिर करहा'.)

सोहारकर

ओमानमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून बोलीतलं सांगतो. वरचा एकही अवजड शब्द मी साइटवर किंवा सूकमध्ये (बाजारात) ऐकलेला नाही. लहान मूल म्हणजे 'याहिल', हे मूळचं 'जाहिल', अजाण. म्हातारा 'शायब', पिकलेला. म्हातारी 'अजूज'. जाड माणूस 'मतीन', जो पुस्तकी अरबीत मजबूत या अर्थाचा आहे. 'मुराहिक' मात्र वर्तमानपत्रात रोज दिसतो, टीनएजर या अर्थाने. 'हैजबून' कार्टूनमधल्या खाष्ट म्हातारीला म्हणतात, तो शब्द मुलांनाही माहीत आहे.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती 'जईफ'ची. पुस्तकी अरबीत 'दईफ' म्हणजे दुबळा. आखातात 'दईफ' म्हणजे बारीक, किडकिडीत. तिकडे पहिल्यांदा एका पोराला त्याची आजी दईफ म्हणाली तेव्हा मी आजाराची चौकशी करू लागलो. तिला फक्त नातू खात नाही एवढंच म्हणायचं होतं. आणि आपल्या मराठीत फारसीमार्गे आलेला जईफ म्हणजे सरळ म्हातारा. एकाच शब्दाने एकीकडे बांधा घेतला, दुसरीकडे वय.

जुईली

मस्त! 'बालिग'ही तिकडचाच ना?

सोहारकर

हो, पोचलेला. 'ना' फारसी लावला की नाबालिग. 'कदावर' पण तसाच जोडाचा. 'कद्द' अरबी, 'आवर' फारसी.

घसाकोरड

मी डॉक्टर, त्वचारोगवाला. टक्कल या विषयावर सआलिबीने काही लिहिलंय का? सहज विचारतोय. (सहज नाही.)

कोशाळलेला

लिहिलंय डॉक्टर, आणि छान पायऱ्या आहेत. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेले की 'अन्जअ'. थोडं आणखी गेलं की 'अज्लह'. अर्ध्या डोक्यापर्यंत पोचलं की 'अज्ला'. त्याहून पुढे 'अस्लअ'. एकही केस उरला नाही की 'अहस्स'.

घसाकोरड

अरे वा. आम्ही हॅमिल्टन-नॉरवुड मोजपट्टी वापरतो. हॅमिल्टनने ती १९५१ मध्ये मांडली, नॉरवुडने १९७५ मध्ये सुधारली, सात पायऱ्या. सुरुवात तिथूनच, कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून. आम्ही पेशंटला 'तुम्ही तीन नंबर' असं सांगतो. 'अज्लह' ऐकायला जास्त बरं. निदान कवी असल्यासारखं वाटेल.

खवट

सगळे फार भारावलेत म्हणून थोडं थंड पाणी. अरबांनीच या शब्दबंबाळ पंडितांची टर उडवलीय. एका व्याकरणकाराला रस्त्यात झटका आला, माणसं जमली. शुद्धीवर येऊन तो म्हणाला: "मा लकुम तकअकअतुम अलय्य..." वगैरे, शेवटी "इफरन्किऊ!" म्हणजे एखाद्या वेड्याभोवती जमावं तसे माझ्याभोवती काय जमलात, पांगा! कुणी हा किस्सा ईसा बिन उमरवर घालतात, कुणी अबू अल्कमावर. अबू अल्कमाच्या किस्स्यात लोक एकमेकांना म्हणतात, सोडा त्याला, याच्या अंगातलं भूत हिंदी आहे, हिंदी बोलतंय.

आणि अलंकारशास्त्रवाल्यांनी तर असल्या शब्दांना 'हूशी' म्हणजे रानटी म्हणून बाजूलाच काढलं. चांगल्या भाषेत असा शब्द हा दोष.

टांगापलटी

भूत हिंदी आहे 😂 हे मी उद्या ऑफिसात वापरणार.

कलमदान

खवट, हा किस्सा तुम्ही आणलात याबद्दल आभार. 'हूशी' म्हणून टीका झाली हेही बरोबर.

फक्त एका ठिकाणी हे रानटी शब्द अगदी मखरात बसले. पैगंबरांच्या रूपाचं हजरत अलींनी केलेलं वर्णन तिर्मिजी या हदीससंग्राहकाने (मृत्यू ८९२) दिलंय. त्यात ते 'मुमग्गित' नव्हते, म्हणजे ताणल्यासारखे उंच नव्हते. 'मुतरद्दिद' नव्हते, म्हणजे आखूड, अंगात अंग घुसल्यासारखे नव्हते. 'रब्आ' होते, मध्यम. केस ना अगदी कुरळे ना अगदी सरळ. 'मुतह्हम' म्हणजे गुबगुबीत नव्हते, 'मुकल्सम' म्हणजे गरगरीत गोल चेहऱ्याचे नव्हते. तिर्मिजी लगेच खाली अस्मईचा खुलासा जोडतो. 'मुमग्गित' म्हणजे काय हे अस्मईने एका बदूच्या बोलण्यावरून ठरवलं होतं. तो बदू बाण पूर्ण ताणण्यासाठी त्याच धातूचं क्रियापद वापरत होता. मिर्बदसारख्या बाजारातल्या कानावर पडलेल्या शब्दाचा उपयोग असा झाला.

इस्लामी परंपरेत पैगंबरांचं चित्र काढणं टाळतात, तेव्हा हे शब्दच चित्राच्या जागी आले. याला 'हिल्या' म्हणतात. हिंदीतला 'हुलिया' इथलाच. सतराव्या शतकात इस्तंबूलचा सुलेखनकार हाफिज उस्मान (१६४२–१६९८) याने या वर्णनाची भिंतीवर टांगायची मांडणी पक्की केली. मध्ये गोलात मजकूर, चार कोपऱ्यांत चार खलिफांची नावं. तुर्की घरांत आजही ती दिसते.

जुईली

आणि ज्यांना शरीरावरून नावं पडली त्यांचं काय? जाहिज म्हणजे बटबटीत डोळ्यांचा, एवढं ऐकून आहे.

कोशाळलेला

ती तर भलीमोठी पंगत आहे. जाहिज बरोबर, बसऱ्याचा लेखक, मृत्यू ८६८ च्या सुमारास. 'अख्फश' म्हणजे बारीक, अधू डोळ्यांचा, व्याकरणकार सीबवैहचा शिष्य. 'अअमश' पाणावलेल्या डोळ्यांचा, हदीसकार. 'अअशा' रात्री न दिसणारा, इस्लामपूर्व कवी. 'अह्नफ' वाकड्या पायाचा, तमीम जमातीचा पुढारी, शांत स्वभावासाठी म्हणीत गेलेला. 'हुतैआ' म्हणजे बुटका, आणि तो इतका तिखट की कोणी सापडलं नाही तेव्हा स्वतःच्याच तोंडावर निंदाकाव्य केलं.  ही नावं ग्रंथांच्या मुखपृष्ठावर राजरोस येतात. जाहिजने तर कोड, लंगडेपण, अंधत्व, तिरळेपण असलेल्या नामांकित लोकांवर अख्खं पुस्तक लिहिलंय.

अक्कलकाढा

एक शेवटची विनंती. आमच्या घरी एक गृहस्थ आहेत, सआलिबीच्या हिशेबाने कह्ल. उंची रब्आ. टक्कल अज्लह. पोटासाठी शब्द हवा आहे.

कलमदान

पोटासाठी तर अरबीत दुकान आहे, आणि तेही एकाच धातूचं. 'बत्न' म्हणजे पोट. 'बतीन' म्हणजे मोठ्या पोटाचा, निसर्गतःच. 'मिब्तान' म्हणजे खाऊन खाऊन पोट सुटलेला. 'बतिन' म्हणजे ज्याला पोटापलीकडे दुसरी चिंता नाही. 'मब्तून' म्हणजे पोटाचं दुखणं असलेला. 'मुबत्तन' म्हणजे पोट आत गेलेला, सडपातळ. खवट यांना सांगायचं ते हेच: हे पाच शब्द कोणाला पाठ करावे लागत नाहीत. साचा माहीत असला की अरब ऐकणाऱ्याला अर्थ आपोआप लागतो. 'हिन्जक्रा' पाठ करावा लागतो, 'मिब्तान' नाही.

अक्कलकाढा

मिब्तान. बतिनही चालेल, पण तो भांडणासाठी राखून ठेवते.

खवट

साच्याचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

खिल्लार

उंटांचा वेगळा धागा काढा राव. बाजिलच्या पुढे काय म्हणतात? आमच्याकडे जुळल्यावर मोजणं थांबतं.

कोशाळलेला

पुढच्या वर्षात 'मुख्लिफ'. त्यानंतर त्यांचंही नाव संपतं, नुसतं 'एक वर्षाचा बाजिल, दोन वर्षांचा बाजिल' असं मोजत जातात. उंटांचा धागा रविवारी काढतो, खिल्लारभाऊ. तोवर तुम्ही बैलांच्या शिंगांच्या तऱ्हा लिहून ठेवा.